खोपटातलं पाणी

"आता ज्याचं त्याचं पाणी या हंड्यात ओता," अक्का म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःचा कॅन उपडा केला.

खोपटाच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, अॅल्युमिनियमचा हंडा ठेवलेला होता. मोघ्यांनी त्यांच्या दोन बाटल्या ओतल्या. जयवंतनं त्याच्या ओतल्या. मग मी माझा कॅन ओतला आणि माझ्यामागून कुमुदनं तिचा. हंडा पाऊण भरला. अक्कांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, झालं का सगळ्यांचं. मी म्हणाले, झालं.

झालं नव्हतं. कुमुदच्या शबनम पिशवीत, तिच्या शालीत गुंडाळलेली, सरबताची एक काचेची बाटली होती. तिच्यात आईनं उकळून गार केलेलं ग्लुकोजचं पाणी होतं. बाटली माझी होती. डोंगर चढायला लागण्याआधी अक्का माझी सॅक उचलून बघणार हे कळल्यावर मी ती घाईघाईनं कुमुदच्या पिशवीत सरकवली होती. आता कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं आणि ती गप्प राहिली. आमच्या घरी राहून तिला त्याची चांगली सवय झाली होती.

ही पंच्याऐंशी सालच्या एप्रिलातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, नाशकात एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आणि तोवर आठ जणांनी मला पाहून नाकारलं होतं. एकाला मी उंच वाटले, एकाला बोलकी वाटले. चौथ्यासमोर तर मी पोह्यांची बशी हातात घेऊनच घेरी येऊन पडले. उपास आणि उकाडा, दुसरं काही नव्हतं, पण पुढची दोन वर्षं "मुलीला फिट येते" एवढंच गावभर फिरत राहिलं. वडील कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आईचे नवस बोलायचे देव संपले होते.

अशात दातारांचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, हुंडा नको, पत्रिका नको, मानपान नको. इतकं सगळं नको म्हणणारी माणसं काहीतरी एक हवं म्हणणार, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. जयवंतचे वडील नाना, हे जुने डोंगरभटके. त्यांनी तीस वर्षांपूर्वी हातळीच्या पठारावर दगड रचून एक खोपट बांधलं होतं. वर पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर धोंडे, आणि दाराला कडीऐवजी सुंभाची दोरी. डोंगर चढून येणाऱ्या कुणीही तिथं राहावं आणि जाताना झाडून जावं. पण दातारांच्या घरात येणाऱ्या मुलीनं मात्र लग्न ठरण्याआधी तिथं एक रात्र काढून दाखवायची, असा त्यांच्याकडे रिवाज पडला होता. जयवंतची मोठी बहीण, म्हणजे अक्का, आमच्या घरी येऊन आईला म्हणाल्या होत्या, "आम्ही मुलगी पोह्यांवर पाहत नाही. खोपटात पाहतो. तेही एप्रिलात. पावसाळ्यात तिथं कुणीही राहील."

एप्रिलात का, ते वर गेल्यावर कळलं. खोपटामागचं कातळात खोदलेलं टाकं खडखडीत आटलेलं होतं. वर येताना जे खांद्यावर आणाल, तेच पाणी.

मुलगी एकटी कशी पाठवायची म्हणून माझ्याबरोबर कुमुद आली. कुमुद माझी चुलतबहीण. काका गेल्यावर काकू सिन्नरला भावांच्या आश्रयाला गेल्या आणि कुमुद डी.एड. करायला म्हणून आमच्याकडे राहिली. वीस वर्षांची, सावळी, हाडापेरानं मजबूत. कॉलेजला जाण्याआधी सगळ्यांचे डबे भरायची आणि आल्यावर भांडी घासायची. कुणी तिला घासायला सांगत नव्हतं. पण कुणी घासू नकोस असंही म्हणत नव्हतं. मला ती वृंदाताई म्हणायची आणि माझ्या प्रत्येक कांदेपोह्यांच्या दिवशी माझी वेणी तिनंच घातलेली असायची.

बाटलीचा उपद्व्याप आईचा. "तू पुन्हा कुणासमोर पडलीस तर मी विहीर जवळ करीन," असं म्हणून तिनं ती बाटली माझ्या सॅकमध्ये कोंबली होती आणि वर बजावलं होतं, ही तुझी एकटीची, कुणाला देऊ नकोस. आईला दोष देऊन मी सुटत नाही, पण झालं ते असं झालं.

आणखी एक सांगायला हवं. मला जयवंत आवडला होता. चढताना तो पुढे होता, पण दर वळणावर थांबून मागचं माणूस दिसेपर्यंत उभा राहायचा. कमी बोलायचा. हसला की एकाच गालाला खळी पडायची. नववा पाहणारा म्हणून मी घाबरलेली होतेच, पण हा हातचा जाऊ नये असं वाटायला वडिलांच्या निवृत्तीची गरज नव्हती. तो मला हवा होता.

हंडा भरल्यावर जयवंतनं मला आणि कुमुदला नियम सांगितला. रात्री माणशी दोन पेले, सकाळी चहा आणि एक पेला, बाकी खिचडीला. कुणी कुणाला आपलं द्यायचं नाही, कुणी मागायचं नाही. "आणि पाणी लपवायचं नाही," तो म्हणाला. नानांच्या काळात एकानं सॅकमध्ये बाटली दडवली होती आणि त्याच रात्री दुसऱ्या एका पोराला उन्हाचा झटका बसून तो जवळजवळ दगावला होता. तेव्हापासून पाणी चोरणाऱ्याला खाली विहिरीवर पोचेपर्यंत थेंब मिळत नाही. तो हे शांतपणे सांगत होता. मला तेव्हाच उठून ती बाटली हंड्यात ओतता आली असती. गंमत म्हणून, विसरले होते म्हणून, काहीही म्हणता आलं असतं. पण मी झालं म्हणून बसले होते, आणि एकदा झालं म्हटल्यावर पुन्हा तोंड उघडायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती.

खिचडी मोघ्यांनी केली. मोघे दातारांच्या डोंगरभटक्यांच्या मंडळातले जुने गृहस्थ, पन्नाशीचे, पोस्टातले. त्यांना वाटायचं डोंगरावर जेवण तिखटच हवं. माझ्या वाट्याचे दोन पेले खिचडीबरोबरच संपले. कुमुदनं मात्र एक पेला जेवताना घेतला आणि दुसरा झोपायच्या आधी, सावकाश, घोट घोट. अक्कांचं लक्ष होतं. "या मुलीला कळतं," त्या जयवंतला म्हणाल्या. मला ते झोंबलं. पाहायला मला आणलं होतं आणि शाबासकी कुमुदला मिळत होती.

झोपताना आम्ही बायका आतल्या भिंतीकडे होतो. भिंतीला मी, मग कुमुद, मग अक्का. पलीकडे चुलीच्या बाजूला जयवंत आणि मोघे. मी आयुष्यात कधी जमिनीवर अशी झोपले नव्हते. सारवणाखालचा दगड पाठीला टोचत होता, पत्रे मधूनच कडकड वाजत होते, कुठूनतरी उंदीर धावल्याचा आवाज येत होता. जीभ टाळूला चिकटली होती. आणि सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती. सकाळी उन्हात उतरताना मला घेरी आली तर? याच्यासमोर? मी किती वेळ तशी पडून होते कोण जाणे. शेवटी मी कुमुदच्या अंगावरून हात टाकून तिच्या उशाची पिशवी चाचपली, शालीतून बाटली काढली, दातांनी बूच उपसलं आणि पडल्या पडल्याच प्यायले. घटाघटा. पाणी इतकं गोड लागलं की मी थांबूच शकले नाही.

बुचाचा आवाज झाला असणार. "कोण आहे?" अक्कांचा आवाज आला.

मी बाटली होती तशी कुमुदच्या डोक्याशी ठेवली आणि डोळे मिटले. बूच माझ्या मुठीतच राहिलं. बाटली कलंडली. पाणी गळून कुमुदच्या केसांखाली गेलं, ती दचकून उठली, आणि त्याच वेळी अक्कांची बॅटरी लागली. केस भिजलेली कुमुद, तिच्या हाताशी आडवी बाटली, तिच्याच पिशवीतून अर्धी बाहेर आलेली शाल. याहून धडधडीत पुरावा कुठल्या कोर्टात मिळतो?

अक्कांनी आधी बाटली उभी केली. अर्ध्याहून थोडं कमी पाणी उरलं होतं. मग जयवंतला हाक मारली. त्यानं कंदील लावला. मोघे उठून बसले. मीही उठून बसले, डोळे चोळत, आत्ताच जाग आल्यासारखी. बूच मी चादरीखाली सरकवलं.

"ही पिशवी कुणाची?" अक्कांनी विचारलं.

"माझी," कुमुद म्हणाली.

"आणि बाटली?"

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनं नाही. आमच्याकडे वडील ताटावर बसले की ती त्यांच्याकडे असंच पाहायची, आणखी काही वाढू का, अशा नजरेनं. ती मला वेळ देत होती. मला तो वेळ आजही मोजून सांगता येईल, इतका तो लांब होता. मी चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"माझ्या पिशवीत आहे म्हणजे माझीच," ती म्हणाली.

अक्कांनी तिला पुढे काही विचारलं नाही. जयवंतनं चार पेले मांडले. नियमातला उरलेला भाग त्यानं तेव्हा सांगितला. सापडलेलं पाणी ठेवायचं नाही, बाकीच्यांनी लगेच वाटून प्यायचं, चोरणाऱ्याच्या समोर. मोघे म्हणाले, राहू दे रे, लहान पोर आहे, उद्या सकाळी बघू. जयवंत म्हणाला, नियम लहानमोठ्यांना वेगळा नाही. मोघ्यांनी मान हलवली आणि आपला पेला उचलून रिकामा केला. दया दाखवून झाली होती, मग पाणी कशाला वाया घालवा! अक्का प्यायल्या. जयवंत प्यायला. चौथा पेला त्यानं माझ्या हातात दिला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण तिथं निदान चोर गर्दीत उभा राहून बघत असतो. त्याला कुणी बक्षीस देत नाही. माझ्या हातात पेला होता. मला तहान नव्हती. पोट पाण्यानं तुडुंब होतं. तो पेला खाली ठेवायला काहीच लागत नव्हतं. मला नको, एवढंच म्हणायचं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. कुमुद पेल्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि जयवंतही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

मी प्यायले. तळाशी घोटभरही ठेवलं नाही.

सकाळी चहा झाला, चार कप. कुमुद तोवर सगळ्यांच्या वळकट्या बांधत होती. खोपट तिनं झाडलं, चुलीतली राख बाहेर टाकली, आणि निघताना अक्कांनी सांगितल्यावर रिकामा हंडा डोक्यावर घेतला. तोही रिवाजच होता म्हणे. पाण्याचं भांडं चोरानंच खाली न्यायचं. मी एकदा म्हणाले की हंडा मी घेते. अक्का म्हणाल्या, नको, तुम्ही पाहुण्या आहात. मला पुन्हा म्हणायला काही हरकत नव्हती, पण मी पुन्हा म्हणाले नाही.

उतरायला चार तास लागले. नऊ वाजताच दगड तापले. कुमुद सगळ्यांच्या मागे होती आणि या वेळी जयवंत वळणावर थांबत नव्हता. मी एकदोनदा वळून पाहिलं. दगडांआड तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता हंडा खालीवर होत येताना दिसायचा. एका घसरडीवर ती पडली. हंडा घरंगळत खाली गेला आणि ती दगडांवरून बसत बसत उतरून तो घेऊन आली. ढोपर फुटलं होतं. ओठ पांढरे पडून मधोमध चिरले होते. मोघ्यांनी आपल्या बाटलीकडे हात नेला आणि जयवंतकडे पाहून परत घेतला. बाटलीत सकाळचा त्यांच्या वाट्याचा पेलाभर होता. माझ्याही कॅनमध्ये माझ्या वाट्याचा होता.

गाव दिसायला लागल्यावर जयवंत माझ्या बरोबरीनं चालू लागला. त्या दोन दिवसांत तो प्रथमच माझ्याशी एकटा बोलत होता. मला वाटलं, बहिणीमुळे मी गेले. आता सांगेल की पत्रानं कळवू.

"रात्री तुम्ही पेला खाली ठेवाल असं मला वाटलं होतं," तो म्हणाला.

मी पायाखालचे दगड बघत चालत राहिले.

"ठेवला असतात, तर मी नाही म्हणणार होतो. आधी एक मुलगी आली होती. तिच्या मैत्रिणीची छोटीशी चूक झाली, तर हिनंच रडून गोंधळ घातला. डोंगरावर असं माणूस धोक्याचं असतं आणि घरातही." मग तो हसला, खळी पडली. "बहीण समोर असून तुमचा हात थरथरला नाही. मी अक्काला रात्रीच सांगितलं, हीच."

मला काय वाटलं ते सांगते, कारण या गोष्टीत तेवढं तरी खरं सांगायला हवं. मला आनंद झाला. इतका की पायांतलं दुखणं गेलं. मागे हंडा वाजत येत होता आणि मी मनात आईला पत्र लिहीत होते.

विहिरीवर गावातल्या दोघीतिघी धुणं धूत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं कुमुदला पाहिलं आणि हातातलं लुगडं टाकून उठली. "आवं, कशी मान्सं म्हनायची तुमी," ती आम्हाला म्हणाली. "प्वार पार वाळून चाललीया आन् तुमी नुसती बघताय व्हय?" तिनं पोहरा ओढला आणि कुमुदला खाली बसवून तिच्या ओंजळीत धार धरली. कुमुद प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जयवंत आणि मोघे तोवर एसटीची चौकशी करायला फाट्याकडे गेले होते, अक्का बूट काढून झाडाखाली बसल्या होत्या.

मी कुमुदजवळ जाऊन बसले. हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, तू बोलायचंस ना. सांगायचंस."

"मी काय सांगायचं?" तिचा आवाज फाटला होता. "बोलायचं तुला होतं, वृंदाताई. तू बोलशील असं मला वाटलं होतं. मग वाटलं, बोलली नाहीस तरी पेला घेणार नाहीस."

एवढं म्हणून ती उठली. पोहरा धरून तिनं हंडा घासून विसळला आणि पालथा घातला. घरी गेल्यावर तिनं कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, ताईनं छान काढली रात्र, अजिबात घाबरली नाही.

जूनमध्ये माझं लग्न झालं. पाठराखीण म्हणून कुमुदच आली. दातारांच्या उंबऱ्यातून आत गेल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं, कुमुदनं आत्ताच प्यायले म्हणून तांब्या पुढे सरकवला. कुणाच्या लक्षात येण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझ्याही लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली. तोवर कुमुद सिन्नरजवळच्या शाळेत लागली होती, तिचं लग्न झालं होतं, एक मुलगा होता. ती माझ्याकडे यायची. बारशाला आली, मंगळागौरीला आली, सासरे गेले तेव्हा आली. माझी मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा दोन रात्री तिच्या उशाशी बसली. आणलेल्या वस्तूंचं, आहेराचं, बोलण्याचं कुठे काही कमी नव्हतं. लाडू दिला तर खायची, चिवडा घ्यायची. पण पाणी घेत नसे. चहा नाही, सरबत नाही, ताक नाही. जेवायला थांबायची वेळ आली की तिची बस असायची. त्या वेळी राहिली तेव्हा दिवसातून तीनचारदा उठून शेजारच्या कुलकर्ण्यांकडे जायची. मला वाटलं, फोन करायला जाते. कुलकर्णीकाकूंनी मला नंतर सहज विचारलं, काय गं, तुमच्याकडे नळाला पाणी नव्हतं का?

त्या दिवशी मी तिची लग्नापासूनची एकेक भेट आठवून पाहिली.

आणि जयवंत. जयवंत ही गोष्ट सांगतो. मंडळाची माणसं जमली, नवे पाहुणे आले, मुलीच्या मैत्रिणी आल्या, की बायको कशी निवडली ते तो रंगवून सांगतो. कंदील, चार पेले, हात न थरथरता पाणी पिणारी मी. ऐकणारे माझ्याकडे कौतुकानं पाहतात. एकदा कुमुद समोर बसलेली असताना त्यानं सांगितलं. "आणि ही आमची पाणीचोर," असं म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं. माणसं हसली. कुमुदही हसली. मी कांदेभजी तळत होते. मी घाणा काढला आणि दुसरा सोडला.

त्याला कधी सांगितलं नाही का, असं कुणी विचारेल. आधी वाटलं, जरा संसार रुळू दे. मग मुलं झाली. मग इतकी वर्षं झाली की सांगण्यात अर्थ राहिला नाही, असं मी स्वतःला म्हणू लागले. खरं कारण साधं आहे. त्यानं मला ज्यासाठी निवडलं, तेवढंच माझं या घरातलं भांडवल आहे. जयवंत वाईट नवरा नाही. पण खोपटातली ती बाई मी नाही हे कळल्यावर तो माझ्याकडे कसा पाहील, हे मला बघायचं नव्हतं. अजूनही नाही.

परवाच्या मे महिन्यात कुमुद आली. आता तिचीही साठी झाली, निवृत्त झाली, रक्तदाब आहे. दुपारी दोनच्या एसटीनं उतरून स्टँडपासून चालत आली होती. रिक्षावाला जास्त मागत होता म्हणे. पंख्याखाली बसली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ओठ कोरडे पडले होते. पुढच्या खोलीत जयवंतकडे मंडळाची तीन तरुण मुलं बसली होती. खोपटावर नवे पत्रे घालायचे चालले होते.

मी तांब्याभर पाणी आणलं, माठातलं, वाळा घातलेलं. तिच्यासमोर धरलं. ती म्हणाली, नको, मी पिऊनच निघाले. नेहमीचंच.

या वेळी माझा धीर सुटला. मी तिच्या पायाशी खाली बसले. म्हणाले, "कुमे, आता पुरे कर. चाळीस वर्षं होत आली. चूक माझी होती, बाटली माझी होती, मी तुझ्या पाया पडते. पण पाणी पी. तुझ्याकडे बघवत नाहीये मला."

मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यात राग नव्हता.

"मला कशाला सांगतेस? मला माहीतच आहे," ती म्हणाली. "जयवंतरावांना सांग. आत्ता आहेत ना तिथं. ती मुलंही आहेत. जाऊन एवढंच सांग, की बाटली माझी होती. मग आण तो तांब्या, सगळा पिते."

पुढच्या खोलीतून जयवंतचा आवाज येत होता. "एप्रिलातच न्यायची मुलगी," तो त्या पोरांना सांगत होता, "टाकं आटलेलं असतं तेव्हा." पोरं हसत होती.

मी उभी राहिले. मधल्या दारापर्यंत गेले. पडद्याला हात लावला. पलीकडून जयवंत मला पाहून म्हणाला, "ही बघा आलीच. हिलाच विचारा, हात थरथरला होता का."

तिन्ही मुलं माझ्याकडे वळून बघत होती. "नाही," मी म्हणाले. आणि चहा टाकते असं सांगून मागे फिरले.

कुमुदनं तोवर चपला घातल्या होत्या. आंब्यांची पिशवी तिनं टेबलावर ठेवली, चार दिवस अढीत ठेव म्हणाली, आणि चारची बस मिळेल म्हणून निघाली. मी तांब्या उचलून आत नेला आणि पाणी परत माठात ओतलं.